स्क्रोल सॉ: १४८ भोकं, आणि प्रत्येक भोकात नव्याने ब्लेड ओवणं

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. चवथीच्या मखराची पाठ करायला घेतली आहे. ६ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, माप ३०० बाय ४५० मिमी, वेलबुट्टीची जाळी. मोजले तर १४८ कप्पे आहेत, म्हणजे आतून कापून काढायचे मोकळे भाग; प्रत्येकात भोक पाडून ब्लेड ओवायचं. त्यातले चाळीसेक अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे, रुंदी जेमतेम २ मिमी.

मशीन १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक उभं ब्लेड वर-खाली चालवणारी करवत), वेग कमी-जास्त होतो, वरचा हात उचलला जात नाही. पिनवाली, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली ब्लेडं थेट अडकतात. बिनपिनेच्या ब्लेडांसाठी सोबत दोन छोटे अडॅप्टर आले आहेत, प्रत्येकाला एक ॲलन स्क्रू.

पिनवालं ब्लेड जायला ५ मिमीच्या आसपास भोक लागतं, आणि तेवढे कप्पेच नाहीत. म्हणून बिनपिनेचं ५ नंबर, रिव्हर्स दातांचं (खालचे काही दात उलटे असलेलं) लावलं. तर एक, वरच्या अडॅप्टरमधून ते निसटतं. दोन, निसटलं नाही तर वरच्या अडॅप्टरपाशीच तुटतं. तीन, एका कप्प्यातून काढून दुसऱ्यात ओवायला तीन-तीन मिनिटं जातात, कारण भोक सापडत नाही. आणि पाऊस सुरू झाल्यापासून उघड्या पाकिटातली ब्लेडं तांबूस व्हायला लागली आहेत, हे चौथं. ओवायची काही धड रीत आहे का?

फोंड्याची जाळी

डिचोलीकरबाब, तीन मिनिटं ओवण्यात जात नाहीत, चुकीच्या भोकात जातात. आधी भोक आणि ब्लेडाचं टोक नीट करा, बोटांचं कसब नंतर.

पिनवाल्याचा विचार या कामापुरता सोडा. पिन ब्लेडाच्या दोन्ही अंगांना बाहेर येते, त्यामुळे भोक ब्लेडाच्या नाही, पिनेच्या मापाचं पाडावं लागतं. आपल्याकडे जुन्या घरांच्या पडवीला छपराखाली लाकडी झालर असते, तसलं काम असेल तर पिनवालं झकास. तिथे एकेका कप्प्यात दोन बोटं जातात, आणि ब्लेड अडकवायला पाच सेकंद पुरतात. वेलबुट्टीला ते नाही.

दुसरं, ६ मिमी प्लायला ५ नंबर जाड पडतं. ३ नंबर घ्या. तांदळाएवढ्या कप्प्यांना १ नंबर. नंबर जितका मोठा तितकं ब्लेड रुंद, आणि रुंद ब्लेड बारीक कोपऱ्यात जागच्या जागी वळत नाही, कड जाळतं. ५ नंबर १२ मिमी सागवानाला ठेवा, ७ नंबर १८-२० मिमीला.

आता भोक. ब्लेड चपटं असलं तरी भोक गोल असतं, म्हणून ब्लेडाचा कर्ण मोजायचा. ३ नंबर साधारण ०.८ मिमी रुंद आणि ०.३५ जाड. कर्ण ०.९ च्या आत येतो, म्हणजे १ मिमीचा बिट. ५ नंबरला १.२, ७ नंबरला १.५ (अर्ध्या सुताचा, म्हणजे १.६ चा बिट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो, तोही चालेल), १ नंबरला ०.८ ते ०.९. कप्प्यात जागा असेल तर एक पायरी मोठं पाडा, फुकटचा त्रास वाचतो. १ मिमीच्या खालचे बिट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी ठेवतात. त्यातले कार्बाइडचे काचेसारखे असतात, ड्रिल स्टँडला लावले तरच टिकतात. हातातल्या ड्रिलला हाय स्पीड स्टीलचेच लावा, ते थोडं वाकणं सहन करतात.

भोक काटकोनात हवं. तिरपं झालं की ब्लेड आत जातं खरं, पण ताण दिल्यावर भोकाच्या कडेवर रेलतं आणि पहिल्याच वळणाला मोडतं. प्लायखाली टाकाऊ तुकडा घट्ट धरून पाडा. नाहीतर खालच्या बाजूला कुसळं निघतात आणि ब्लेडाचं टोक नेमकं तिथेच अडतं. भोक कप्प्याच्या मध्यात नको. रेघेच्या जवळ, शक्यतो टोकदार कोपऱ्याशी, पण टाकाऊ भागात. मध्यात पाडलं तर रेघेपर्यंत यायलाच ब्लेडाची झीज होते.

सगळी भोकं झाली की जिकडून ब्लेड शिरणार त्या बाजूने प्रत्येकावर ६ मिमीचा बिट नुसता हाताने दोन वळसे फिरवा. छोटं नरसाळं तयार होतं आणि टोक घसरत आपोआप आत जातं. मात्र हे ३ मिमीपेक्षा रुंद कप्प्यांनाच, तांदळाच्या दाण्यांना नाही. तिथे नरसाळं रेघ खाऊन टाकेल.

आणि ब्लेडाचं टोक. कारखान्यातून ते चौकोनी कापलेलं येतं. वायर कटरने कोपरा तिरपा कापून टोकदार करा, दीड-दोन मिमी गेलं तरी पकडीला फरक पडत नाही. कापल्यावर उभी राहिलेली धार कानशीवर एकदा घासा, नाहीतर तीच भोकात अडकते. सुई ओवताना दोऱ्याचं टोक आपण तिरपं कापतोच की.

कानस आणि पटाशी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. निसटणं आणि तुटणं यावर लिहितो, कारण ते दोन्ही बहुतेक वेळा एकाच जागेचे आजार असतात.

नव्या ब्लेडाला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल दोन्ही टोकांना तसंच ठेवून आवळलं की निसटणारच. फडक्यावर थिनर घेऊन दोन्ही टोकं पुसा. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोकाचे १० मिमी, दोन्ही बाजूंनी, दोन-तीनदा घासा. चकाकी गेली पाहिजे. अडॅप्टरच्या तोंडातही तेल असतं. ३२० चा पेपर दुमडून त्या फटीत आतबाहेर करा.

स्क्रू बाहेर काढून त्याचं टोक पाहा. गोल झालेलं असेल किंवा मध्ये खड्डा असेल तर तो ब्लेडाला एकाच बिंदूवर दाबतो. कानशीने सपाट करा. हा स्क्रू झिजणाराच भाग आहे, त्याच मापाचे दोन-चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) डबीत असू द्या. आवळायला आखूड ॲलन की, बोटांचा जोर. पक्कड लावून आवळलं तर ब्लेड तिथे चेपतं आणि नेमकं चेपलेल्या जागी तुटतं. तुमची दुसरी तक्रार बहुधा हीच आहे: पहिल्यांदा निसटलं म्हणून जास्त आवळलं, म्हणून तुटलं.

दुसरं कारण म्हणजे तिरपं बसलेलं ब्लेड. अडॅप्टरच्या आतल्या भिंतीला ब्लेड पूर्ण लांबीभर टेकलं पाहिजे. वरचा आणि खालचा अडॅप्टर एका ओळीत नसले तर प्रत्येक फेरीत ब्लेड तोंडाशी थोडं वाकतं. मिनिटाला हजार फेऱ्या धरा, तार मागे-पुढे वाकवून तोडतो तसंच ते. टेबलाशी गुण्या लावून बघा: समोरून आणि बाजूनेही ब्लेड उभं दिसलं पाहिजे.

ताण: चिमटीने ताराप्रमाणे छेडलं तर स्वच्छ, वरच्या पट्टीचा 'टिंग' आला पाहिजे, 'थड' नाही. बोटाने बाजूला दाबलं तर ३ मिमीपेक्षा जास्त सरकू नये. सैल ब्लेड कापताना पोट काढतं, मग वरची आणि खालची नक्षी जुळत नाही.

तुटलेला तुकडा फेकण्याआधी पाहत जा. पकडीशी तुटलं असेल तर बसवण्यात चूक किंवा अति ताण. मधोमध तुटलं तर लाकूड जोराने रेटलंय, किंवा ब्लेड बोथट होऊनही ओढलंय. प्लायमधला गोंद दात खातो, एका ब्लेडावर २०-२५ मिनिटं कापून झालं की बदला. लाकूड ढकलावं लागतंय किंवा कड तपकिरी होतेय म्हणजे बदलायला उशीरच झाला. सागवानातही वाळूसारखी सिलिका असते, तोही दात लवकर उतरवतो.

रिव्हर्स दातांबद्दल: खालचे काही दात उलटे, वर तोंड केलेले असतात, खालच्या बाजूची कुसळं कापायला. मोटरची चाकी हाताने फिरवून ब्लेड सगळ्यात वर आणा आणि टेबलाच्या पातळीवर मोजा. उलटे दात दोन-तीनच वर दिसले पाहिजेत. एकही नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. पाच-सहा असतील तर ते प्लायलाच वर उचलतात, आणि बारीक ब्लेड त्या झटक्यात जातं. ब्लेड अडॅप्टरमध्ये थोडं वर-खाली सरकवून हे जुळवता येतं.

डिचोलीकर

दोघांचेही आभार. स्क्रूचं टोक पाहिलं, मध्ये खड्डाच आहे. आता दोन प्रश्न. ब्लेड वर अडकवून ठेवून खालून सोडवायचं, की खाली अडकवून वरून? आणि स्पायरल ब्लेड घेतलं तर लाकूड वळवावं लागत नाही म्हणतात, ते इथे चालेल का?

म्हापशेकर

स्पायरल नको. त्याला चारी बाजूंनी दात असतात म्हणून लाकूड न वळवता कुठल्याही दिशेला कापतं, हे खरं. पण चीर रुंद होते, कड खरखरीत येते, कोपरे गोलसर होतात आणि रेषेपेक्षा लाकडाच्या धाग्यामागे धावायची त्याला खोड. शिवाय पिळलेलं ब्लेड त्या एका स्क्रूच्या अडॅप्टरमध्ये बसत नाही, टोकं पकडीने चपटी करावी लागतात, आणि चपटं टोक जायला भोक आणखी मोठं. मोठी फळी मशीनच्या हाताला आपटून फिरवताच येत नसेल तेव्हा स्पायरल. तुमची ४५० मिमीची पाठ १६ इंची घशात (ब्लेडापासून मशीनच्या मागच्या भागापर्यंतच्या जागेत) फिरते. लांब बाजू अडली तर दुसऱ्या टोकाकडून सुरू करा.

आता वर की खाली. तुमचा वरचा हात उचलला जात नाही, म्हणून मी वर अडकवून ठेवा म्हणेन. ताण सोडायचा, खालचा अडॅप्टर मोकळा करायचा. ब्लेड वरून लटकत असतं. फळी उचलून भोक त्याच्या टोकाखाली आणा. टोक आणि भोक दोन्ही डोळ्यांसमोर असतात. ओवलं की फळी ब्लेडावरून सरळ खाली, टेबलावर. मग हात खाली घालून अडॅप्टर लावायचा, ताण द्यायचा. नक्षीचा कागद वर असल्यामुळे कुठलं भोक राहिलंय तेही दिसतं. टेबलाखाली अंधार असतो, तिथे हेडलॅम्प किंवा चुंबकाने चिकटणारा छोटा दिवा लावा. खालच्या अडॅप्टरची जागा डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटांना सवय लागू द्या, दहाव्या-बाराव्या भोकापासून लागते.

फोंड्याची जाळी

इथे माझं मत वेगळं. ६ मिमीच्या ३०० बाय ४५० फळीला तुमची रीत ठीक. पण फळी मोठी किंवा जड असेल तर एका हाताने ती अधांतरी धरून दुसऱ्या हाताने टेबलाखाली चाचपडणं नको होतं. तेव्हा ब्लेड खाली अडकवून ठेवावं, वरचं टोक मोकळं. फळीची पुढची कड टेबलावर टेकवून मागची उचलायची, भोक टोकावर आणायचं आणि फळी खाली सोडायची. भोक खालच्या बाजूने दिसत नाही, हा तोटा. त्यावर उपाय म्हणजे टेबलाखालून वर दिवा: भोकांतून उजेड ठिपक्यांसारखा दिसतो, आणि ब्लेड ज्या भोकाजवळ येतं त्याचा ठिपका झाकला जातो. नरसाळंही मग खालच्या बाजूने पाडायचं. १ नंबरचं ब्लेड मात्र या रीतीने ओवू नका, ते फळीच्या वजनाने वाकतं आणि एकदा मोडणीचा कोन पडला की टाकूनच द्यावं लागतं.

म्हापशेकर

हे मान्य. बारीक ब्लेड वर अडकवून, ३ नंबरच्या पुढचं जमेल तसं.

एक राहिलं. ओवताना दात कुठे तोंड करून आहेत ते विसरू नका. दात खाली आणि तुमच्याकडे. १ नंबरचे दात डोळ्यांना दिसत नाहीत. बोटाचं टोक दातांवरून हलकेच वरच्या दिशेला न्या, अडलं पाहिजे. खाली न्या, सरकलं पाहिजे. रिव्हर्स दातांच्या ब्लेडात खालच्या टोकाशी उलट लागेल, म्हणून ही परीक्षा मधोमध घ्या. उलटं लागलेलं ब्लेड कापत नाही, फळीला टेबलावर नाचवतं.

आणि ब्लेड रेघेच्या एका बाजूला ओढतं म्हणून हात दुखवू नका. पत्र्यातून कातरलेल्या ब्लेडाच्या एका अंगाला सूक्ष्म धार उभी राहते, त्या बाजूला ते जास्त कापतं, बहुधा उजव्या. टाकाऊ तुकड्यावर सरळ रेघ मारून न दाबता कापून पाहा, किती अंश सरकतं ते कळेल. मग फळी तेवढी तिरपी धरूनच सरळ ढकलायची. ब्लेडाला बाजूने दाबून सरळ चालवलं तर ते पोट काढतं.

तेल की पावडर

गंजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ही साधी कार्बन स्टीलची ब्लेडं, आपल्या पावसाळ्याच्या हवेत उघडी राहिली तर आठवड्यात लाल होतात. पीव्हीसी पाइपाचे १५० मिमीचे तुकडे कापा, दोन्हीकडे टोपणं, नंबर बाहेर लिहायचा. ब्लेड ५ इंच, म्हणजे १२७ मिमी, सहज मावतं. आत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारे खडे घ्या, रंग गेला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. एका वेळी डझनच बाहेर काढा.

ब्लेडांचा जुडगा बारीक तारेने बांधलेला असतो. त्यातून एक ओढून काढायचा मोह होतो, पण बाकीच्यांचे दात एकमेकांत घासतात आणि बोटंही कापतात. तार पूर्ण सोडा, ब्लेडं कागदावर पसरा, चुंबकाच्या पट्टीवर एकेक चिकटवून उचला.

तेलाचं पातळ बोट साठवणीच्या ब्लेडांना द्यायला हरकत नाही. मशीनवर चढवताना मात्र टोकं पुसायचीच, आणि मधला भागही, नाहीतर प्लायवर डाग पडतो आणि पॉलिश तिथे धरत नाही. रात्री मशीन बंद करताना ब्लेडाचा ताण सोडून ठेवा. दातांच्या मुळाशी लाल ठिपके दिसणारं ब्लेड वाचवायला जाऊ नका, ते पहिल्या ताणाला तिथेच तुटतं.

कानस आणि पटाशी

कापण्याचा क्रमही ओवण्याइतकाच महत्त्वाचा आहे, १४८ कप्प्यांत तर जास्तच. आधी सगळ्यात बारीक कप्पे, फळी अजून भरीव असताना. मध्याकडून कडेकडे. मोठे कप्पे नंतर, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण धरायला जागा हवी. मोठे कप्पे आधी काढले तर मधल्या काड्या थरथरतात आणि दाण्याएवढा कप्पा कापताना काडीच तुटते. निघालेले तुकडे लगेच फेकू नका, नाजूक भाग कापताना जागच्या जागी बसवून मागून कागदी टेप लावली की आधार मिळतो.

नंबर बदलण्यात वेळ घालवू नका. १ नंबरचे चाळीसही कप्पे सलग उरका, मग ३ नंबर लावा.

नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा. ब्लेड सरकतं राहतं आणि कड जळत नाही. टेप भोकं पाडण्याआधीच लावायची. नंतर लावली तर भोकं झाकली जातात आणि पुन्हा शोधत बसाल. १ नंबरला वेग अर्ध्यावर ठेवा. पूर्ण वेगात बारीक ब्लेड तापतं.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगतो, वर अडकवणाऱ्यांना आणि खाली अडकवणाऱ्यांना. फूट स्विच असेल तर ओवताना पाय त्यावरून काढून मागे घ्या. १४८ वेळा बोटं त्या ब्लेडाशी जाणार आहेत, एकदाही पाय चुकून पडता कामा नये. फूट स्विच नसेल तर बटणावर भरवसा नको, प्लगच काढा. चष्मा ओवतानाही डोळ्यांवर असू द्या. ताण देताना तुटलेल्या ब्लेडाचं टोक वर उडतं, आणि तेव्हा आपण वाकून भोकाकडेच पाहत असतो.

डिचोलीकर

मखराला दोन्ही बाजूंना, आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांच्या उलट नक्षीचे दोन खांब आहेत, त्यांचीही जाळी करायची आहे. दोन प्लाय एकावर एक ठेवून एकदाच ओवलं तर चालेल? ३ मिमीचे घेईन.

फोंड्याची जाळी

चालेल, तेवढं ओवणंही निम्म्यावर येतं. ३ मिमीचे दोन म्हणजे ६ मिमीच झाले, ३ नंबरचंच ब्लेड आणि १ मिमीचंच भोक. टाकाऊ भागात दोन-तीन जागी दुहेरी टेप, आणि चारी कडांना कागदी टेप घट्ट. खिळे मारायचे तर टाकाऊ भागातच, आणि टोकं खाली बाहेर येऊ देऊ नका, टेबल खरवडतं. भोकं जोडल्यावरच पाडा, आधी वेगवेगळी पाडून जुळवायला गेलात तर ब्लेड पहिल्यातून जाईल आणि दुसऱ्यावर अडेल. दोन्हींचे चांगले चेहरे एकमेकांसमोर ठेवून जोडा. उघडल्यावर उजवा आणि डावा खांब आपोआप मिळतो, आणि खालच्याची कुसळं मागच्या बाजूला जातात.